आंबोली घाटातला तापलेला बोल्ट

त्या पिकअपचे फॉग दिवे सावंतवाडीत माझ्या गॅरेजसमोर लख्ख पेटत आणि आंबोलीच्या घाटात मरत, त्यामुळे दुरुस्त काय करायचे हेच मला दोन आठवडे कळले नाही. गाडीचे चालक चंदगडकडचे. बेळगावच्या बाजारातून रात्री भाजी भरायची, शिनोळीमार्गे आंबोली गाठायची, पहाटेच्या अंधारात घाट उतरून दाणोली, सावंतवाडी आणि पुढे वेंगुर्ल्यापर्यंत माल टाकायचा, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम. वयाने ते माझ्यापेक्षा बरेच मोठे असल्याने मी त्यांना मामा म्हणतो. ते मला मेस्त्री म्हणतात.

आषाढ लागून आठवडा झाला असेल. सकाळी साडेसातला गाडी दारात उभी करून ते म्हणाले, "मेस्त्री, दिवे इथं लागतात ओ, वर घाटात गेलं की मंद होतात, आणि मग जातातच." ते दिवे दोन वर्षांपूर्वी मीच बसवले होते. पंचावन्न वॉटचे दोन बल्ब, वेगळा रिले (बटणाच्या इशाऱ्यावर दिव्यांचा मोठा प्रवाह जोडणारा विजेचा खटका), पंधरा अँपिअरचा फ्यूज, आणि पार्किंग दिव्यांवरून चालणारे बटण अशी साधी जोडणी होती. फ्यूजचा डबा उघडला, तेव्हा तिथे पंधराऐवजी तीस अँपिअरचा फ्यूज दिसला. वाटेत कोणीतरी "मोठा टाका, उडणार नाही" असे सांगून तो बसवला होता. मुळात जुना फ्यूज उडालाच नव्हता, हे मामांनी विचारल्यावर सांगितले. पंधरा अँपिअरच्या हिशेबाने टाकलेल्या वायरीवर तीसचा फ्यूज ठेवणे म्हणजे फ्यूज वाचवून वायर जाळण्याची सोय करणे, म्हणून तो मी आधी काढला.

त्यानंतर मी जे केले, ते आज सांगताना थोडे ओशाळायला होते. दिव्याचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लग, सोडवला, त्याच्या दोन पिनांवर मीटर लावला, १२.६ व्होल्ट दिसले आणि वायरिंग निर्दोष आहे असे मी ठरवून टाकले. बल्ब बसवून दोन मिनिटे दिवे लावून पाहिले, उजेड चोख होता. मग दोष रिलेत असणार, गरम झाल्यावर त्याचे पॉइंट सोडत असणार, असा तर्क करून रिले बदलला, त्याचे पैसे घेतले आणि गाडी सोडली.

चौथ्या दिवशी मामा परत आले. तक्रार तीच होती, फक्त या वेळी तिच्यात एक भर होती: "उजवीकडं साइड दिली की फॉग पण डोळे मिचकावतोय बघा." हे वाक्य ऐकताक्षणी मी हातातले काम खाली ठेवायला हवे होते. साइड लाइट आणि फॉग दिवे यांचे फ्यूज वेगळे, बटणे वेगळी, रिले वेगळा. एकाच्या लुकलुकण्याने दुसरा हलत असेल, तर दोघांची गाठ कुठेतरी पडते, आणि ती बहुधा प्रवाहाच्या बॅटरीकडे परतण्याच्या वाटेवर, म्हणजे अर्थिंगवर पडते. पण दारात आणखी तीन गाड्या उभ्या होत्या, पाऊस आत शिंतडत होता आणि गॅरेजात साइड देऊन पाहिली तर फॉग दिवे जराही हलले नाहीत. मी बल्बचे होल्डर साफ केले, कपलरच्या पिना घट्ट केल्या आणि पुन्हा गाडी सोडली.

तिसऱ्या खेपेला मामा रागावले नव्हते, हे मला जास्त लागले. आदल्या पहाटे घाटात मुख्य धबधब्याच्या वर त्यांना पुढचे काही दिसेना, अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) लावला तर समोर पांढरी भिंत उभी राहिली, शेवटी क्लीनरला उतरवून टॉर्च हातात देऊन त्याच्यामागे गाडी हळूहळू चालवावी लागली. धुक्यात अप्पर लावणे किती निरुपयोगी असते, हे घाटातल्या चालकांना सांगावे लागत नाही. धुक्याचे थेंब तो उजेड परत आपल्याच डोळ्यांवर टाकतात. फॉग दिवा खाली, बंपरच्या पातळीवर बसवतात आणि त्याचा झोत वरून कापलेला, रुंद आणि सपाट ठेवतात, तो याचसाठी. (पिवळा उजेड धुके भेदतो असे मामांचे ठाम मत आहे. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या मानाने इतके मोठे असतात की ते सगळ्या रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. पिवळ्याने डोळ्यांना कमी त्रास होतो, एवढेच काय ते. पण या विषयावर मी त्यांच्याशी वाद घालणे सोडून दिले आहे.)

त्या रात्री मी त्यांच्याबरोबर वर जायचे ठरवले. मीटर, टेस्ट दिवा, दोन्ही टोकांना चिमटे लावलेली चार मीटर जाड वायर आणि प्लास्टिकचा एक कागद एवढे सामान घेऊन आठच्या सुमारास आम्ही रिकाम्या गाडीने निघालो. दाणोली सोडताना मी त्यांना फॉग दिवे लावायला सांगितले आणि घड्याळ पाहिले. पहिली दहा मिनिटे काहीच झाले नाही. पाऊस होता, धुके नव्हते, डांबराच्या कडेची पांढरी पट्टी स्वच्छ दिसत होती. पंधराव्या मिनिटाला उजेड पिवळसर वाटू लागला, पण तो माझा भास असेल असे समजून मी गप्प राहिलो. विसाव्या मिनिटाला आम्ही धुक्यात शिरलो, मामांनी वळणासाठी साइड दिली आणि दोन्ही फॉग दिवे तिच्या तालावर डोळे मिटू-उघडू लागले.

पुढे रस्ता रुंद होता तिथे गाडी बाजूला घेतली, चारही साइड लाइट चालू ठेवले, क्लीनरने मागच्या चाकांना दगडाची उटी लावली. इंजिन चालू, फॉग दिवे चालू. या वेळी कपलर सोडवायचा नाही, हे मी मनाशी पक्के केले होते. कपलर सुटा असताना मीटर स्वतः जवळजवळ काहीच प्रवाह घेत नाही, त्यामुळे वाटेत अडथळा असला तरी त्याला पूर्ण व्होल्टेज दिसते. पाणी वाहत नसताना नळी कितीही चोंदलेली असली तरी टोकाशी दाब पूर्णच भरतो, तसे. म्हणून कपलर जोडलेलाच ठेवून, मागून पिनांना टोके टेकवून मोजमाप घेतले. बॅटरीवर १३.७ व्होल्ट. दिव्याच्या दोन टोकांमध्ये फक्त ७.२. उरलेले साडेसहा कुठे गेले? पॉझिटिव्हच्या बाजूला, बॅटरीपासून दिव्यापर्यंत, फ्यूज-रिले धरून, ०.४ गेले होते, म्हणजे मी बदललेला रिले आणि बहुधा त्याच्या आधीचा रिलेही निर्दोष होता. मग मीटरचे एक टोक दिव्याच्या अर्थच्या पिनेवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवले. तिथे शून्याच्या जवळपास आकडा दिसायला हवा. दिसले ६.१.

अर्थची वायर मी दोन वर्षांपूर्वी बंपरच्या ब्रॅकेटवरच्या एका बोल्टाखाली दाबली होती. मागे गाडीचा उजवा कोपरा ठोकला गेला, तेव्हा साइड लाइटची अर्थही सोयीसाठी त्याच बोल्टावर आणली होती, तीही मीच. मी वाकून त्या बोल्टाला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. अंगावर काटा यावा अशा गारठ्यात, वरून पाणी ठिबकत असताना, तो बोल्ट चहाच्या पातेल्यासारखा तापलेला होता आणि त्यावर पडणाऱ्या थेंबांची बारीक वाफ होत होती. हिशेब सरळ आहे: सुमारे सात अँपिअर प्रवाह आणि सहा व्होल्टची घट, म्हणजे चाळीस वॉटच्या आसपास उष्णता त्या एका सांध्यात तयार होत होती. अडथळा मात्र एक ओहमपेक्षाही कमी होता. गॅरेजातल्या थंड सांध्यावर ओहममीटर लावला असता, तरी काही सापडले नसते.

चिमट्यांच्या वायरीचे एक टोक मी दिव्याच्या अर्थला जोडले आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हला टेकवले. त्या क्षणी जे झाले ते मामा अजून चहाच्या टपरीवर सांगतात. राखाडी धुक्याच्या पोटाखालून एकदम पंधरा-वीस हात रस्ता उघडा पडला. कडेचा दगड, गटारातून वाहणारे पाणी, त्यात अडकलेली करवंदीची फांदी, सगळे दिसू लागले. व्होल्टेज निम्म्यावर आले की तारेच्या बल्बचा उजेड निम्मा होत नाही, तो दहाव्या हिश्श्याजवळ घसरतो. म्हणून परत मिळालेले सहा व्होल्ट डोळ्यांना एवढे मोठे वाटले. "एवढे दिवस हा उजेड तुम्ही कुठं ठेवला होता?" असे मामांनी विचारले, आणि तो त्या बोल्टात जळत होता असे खरे उत्तर मी दिले.

घाटाचा आणि दोषाचा संबंध तेव्हा उलगडला. गाडीला आंबोलीच्या धुक्याशी काहीच वैर नव्हते. मामा फॉग दिवे सलग बराच वेळ फक्त घाटात लावत, आणि घाट सोडला तर ते दिवे पाव तासाहून अधिक कधीच पेटत नसत. थंड असताना सांधा कसाबसा प्रवाह सोडत होता. पंधरा-वीस मिनिटांत तो तापे, सैल होई, आणखी अडथळा, आणखी उष्णता. खाली उतरून दिवे बंद केले की निवून पुन्हा शहाण्यासारखा वागे. मी माझ्या दारात अर्धा तास दिवे चालू ठेवून चहा प्यायला गेलो असतो, तरी हे सापडले असते. फ्यूज का उडाला नाही, तेही यातच आले: तो जास्त प्रवाहावर उडतो, आणि इथे प्रवाह उलट कमी झाला होता.

दुसऱ्या दिवशी बोल्ट खोलला. ब्रॅकेटवर कारखान्याचा जाड काळा रंग होता आणि थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) मी त्या रंगावरच दाबले होते. प्रवाह जात होता तो फक्त बोल्टाच्या आट्यांतून. दोन पावसाळे आणि वेंगुर्ल्याची खारी हवा यांनी आटे गंजवले होते, आणि थिंबलमधल्या तांब्यावर, कल्हई उडालेल्या भांड्याला चढावा तसा हिरवा कलंक चढला होता. वायरीचे टोक दोन इंच कापले, तेव्हा कुठे लाल तांबे लागले. दिव्यांसाठी अडीच चौरस मिलिमीटरची नवी अर्थ थेट चासीच्या मुख्य अर्थपॉइंटपर्यंत नेली, तिथला रंग पांढरी धातू दिसेपर्यंत खरवडला, दाती वॉशर घातला, बोल्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली चोपडली. साइड लाइटला वेगळी अर्थ दिली. मग अर्धा तास घड्याळ लावून दिवे चालू ठेवले. शेवटी अर्थवरची घट ०.०८ व्होल्ट होती आणि बोल्ट हाताला गार लागत होता.

मामांनी पैसे विचारले. मी रिलेचे पैसे परत दिले. ते घ्यायला तयार नव्हते, तेव्हा क्लीनरच्या खिशात घातले.

संध्याकाळी जुनी वही काढली. त्याच हंगामात मी आणखी चार पिकअपना याच पद्धतीने दिवे बसवले होते, अर्थ ब्रॅकेटच्या त्याच बोल्टावर. चौघांनाही फोन केले. तीन गाड्या त्या आठवड्यात येऊन गेल्या. एकीत घट ०.२ होती, दुसरीत ०.३, आणि तिसरीत अर्ध्या तासाने १.४, जिच्या मालकाची काही तक्रारच नव्हती, कारण उजेड हळूहळू उतरला की माणसाला तो उतरलेला कळत नाही. तिन्हींची अर्थ बदलली. चौथी गाडी मालकाने मागच्या दिवाळीत विकली आहे. नव्या मालकाचा नंबर त्याच्याकडे नाही, गाडी गडहिंग्लजकडे गेली एवढेच तो सांगू शकला.