बोपदेवला उडणारी चेन: गिअर दुरुस्तीची नोंद

सायकल: ३ × ७ गिअरची हायब्रिड, मागे आट्यांवर बसणारं फ्रीव्हील (दातेरी चकत्यांचा संच), सेकंडहँड घेतलेली. तक्रार: बोपदेव घाटात जरा जोर दिला की चेन खाडकन उडते. सपाट रस्त्यावर मात्र शहाण्यासारखी चालते.

‘गिअर स्लिप होतोय’ म्हटलं की नवखा माणूस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन थेट डिरेलरवरच्या (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावरच्या) एच आणि एल लिहिलेल्या स्क्रूंकडे जातो. त्यांना हात लावू नका. चेन टोकाच्या चकतीपलीकडे पडू नये एवढंच त्यांचं काम. मधल्या गिअरमध्ये होणाऱ्या गडबडीशी त्यांचा काही संबंध नाही.

आधी एकच पाहायचं: चेन शेजारच्या चकतीवर जाते, की त्याच चकतीच्या दात्यांवरून उडून पुन्हा तिथेच बसते? पहिल्या प्रकारात दोष केबल नाहीतर हँगरचा (फ्रेमला डिरेलर जोडणाऱ्या तुकड्याचा), दुसऱ्यात झिजेचा. माझ्या सायकलीत दोन्ही निघाले, म्हणून ही नोंद जरा लांबली.

केबल. शनिवारी मागचं चाक उचलून धरलं, हाताने पेडल फिरवत एकेक गिअर बदलला. चेन मोठ्या चकतीवर चढायला कुरकुर करत असेल तर केबल सैल आहे. डिरेलरमध्ये केबल शिरते तिथला बॅरल मागून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने पाव फेरा फिरवायचा, पुन्हा गिअर बदलून बघायचा. लहान चकतीवर उतरायला वेळ लागत असेल तर सुलट. पाव फेऱ्याहून जास्त एका वेळी नाही. शिमानोने १९८४ मध्ये एसआयएस (ठरावीक टप्प्यांनी गिअर बदलणारी पद्धत) आणलं तेव्हापासून प्रत्येक ‘टक’ला केबल ठरावीकच सरकते, त्यामुळे एवढासा ढिलेपणाही जाणवतो. त्याआधीच्या बहुतेक लिव्हरला टकटक नव्हती, स्वार कानाने ऐकून चेन बसवायचा.

बॅरलने फरक पडला, पण तो टिकेना. कारण डिरेलरजवळच्या आउटरच्या (केबलवरच्या नळीच्या) शेवटच्या वळणात होतं: पावसाळ्यातला चिखल, आत गंजलेली केबल. शिवाय तिथे कुणीतरी ब्रेकचा आउटर लावून ठेवलेला. ब्रेकच्या आउटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ती दाबली जाते. गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. दुकानात मागताना ‘गिअरचा आउटर’ असं स्पष्ट सांगा. केबलही गिअरचीच, १.२ मिमीची. आउटर कापल्यावर तोंड दबतं, ते दाभणाने मोकळं करून मगच टोपी बसवा.

हँगर. मागे उकिडवं बसून पाहिलं. डिरेलरची दोन छोटी चाकं वरच्या चकतीच्या बरोबर खाली, एका उभ्या रेषेत दिसायला हवीत. माझी सरळ होती. सायकल उजव्या बाजूला पडली असेल तर इथे शंका घ्याच. वाकलेला हँगर पान्याने अंदाजे सरळ करण्यापेक्षा दुकानातल्या मापाच्या दांडीने करून घेतलेला बरा, हे माझं ठाम मत.

आता चेन आपोआप शेजारी जात नव्हती. बोपदेवला उडणं मात्र चालूच.

चेन. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नाही. पिना आणि त्यांच्याभोवतीचा भाग झिजतो, प्रत्येक सांध्यात किंचित फट पडते. पिनेपासून पिनेपर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. असे २४ भाग मोजले तर नवी चेन बरोबर १२ इंच, ३०४.८ मिमी. स्टीलची पट्टी लावून मोजता येतं, चेन चेकर (चेनची झीज मोजायचं माप) नसला तरी अडत नाही. ३०७ च्या आसपास गेली की मागे ७–८ चकत्या असलेल्या सायकलीची चेन बदलायची. ११–१२ गिअरवाल्यांनी ३०६ ओलांडली की लगेच. माझी ३०८ ला टेकली होती.

नवी चेन मुद्दाम जुन्याच फ्रीव्हीलवर टाकून पाहिली. कोणत्या चकत्या गेल्यात हे नवी चेनच सर्वांत चोख सांगते. मोठ्या चकत्यांवर ती शांत, पण मधल्या दोनवर पूर्वीपेक्षा जास्त उडायला लागली. नवख्यांना इथे वाटतं की चेनच खराब निघाली. तसं नसतं. जुनी चेन आणि ते दाते एकमेकांसोबत झिजत गेलेले. दात्यांमधल्या खाचा लांबलेल्या चेनपुरत्या रुंदावलेल्या, त्यात १२.७ चं माप बसत नाही. जोर पडला की चेनचा रोलर दात्यावर चढतो आणि सटकतो. रोज वापरातल्या चकत्या आधी जातात, म्हणून दोनच.

ही चाचणी रहदारीत उभं राहून पेडल मारत करू नका. हलक्या चढावर, सीटवर बसून, ब्रेकवर बोटं ठेवून करा.

फ्रीव्हील. पाना घेण्याआधी आपल्याकडे फ्रीव्हील आहे की कॅसेट (आट्यांऐवजी खाचांवर सरकवून बसवलेला चकत्यांचा संच) ते ओळखा. चाक काढून चकत्या उलट्या फिरवा. पाना बसायच्या खाचा चकत्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, स्थिर राहिल्या तर फ्रीव्हील. पाने वेगळे असतात. फ्रीव्हील प्रत्येक चढावर आणखी घट्ट होत जातं, त्यामुळे साध्या पान्याने हलत नाही. पाना बाकाच्या शिकंज्यात पकडला, त्यावर चाक बसवलं आणि चाकच घड्याळाच्या उलट दिशेने फिरवलं. टायर दोन्ही हातांनी धरला की भरपूर जोर मिळतो. नवं बसवताना आट्यांना ग्रीस लावलं, म्हणजे पुढच्या वेळी काढताना त्रास कमी.

एवढं करूनही कुणाची चेन उडत असेल तर ताल ऐका. साधारण दोन-तीन पेडलफेऱ्यांनी एकदा ‘टक’ होत असेल तर चेनचा एखादा सांधा आखडलाय. पेडल हळू उलटं फिरवलं की डिरेलरजवळ तो उडी मारताना दिसतो. दर फेरीला एकदा होत असेल तर पुढच्या चेनरिंगचा (पेडलजवळच्या दातेरी चकतीचा) दाता पाहा. आणि चेन जागच्या जागी असून पेडल एकदम रिकामं फिरत असेल, तर फ्रीव्हीलच्या आतले खटके पकडत नाहीत. अशी सायकल चालवूच नका.

रविवारी पुन्हा बोपदेव. चेन उडाली नाही, उभं राहूनही. आता प्रश्न मधल्या चेनरिंगचा. दाते थोडे टोकदार दिसतात, पण या क्रँकवर (पेडलच्या दांड्यावर) चेनरिंग रिव्हेटने ठोकलेल्या आहेत, म्हणजे बदलायचं तर अख्खा क्रँकसेट. पकड नीट आहे तोवर तो खर्च करणार नाही. तेवढ्या पैशांत पुढच्या केबल-आउटरचा सेट आणि चेन चेकर येतो.