तुम्ही विचारलंत म्हणून: माशासारखेच पोहतात ना हे?

डबक्यातल्या पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली दाखवला की त्यात पोहणारे बारीक जीव बघून हमखास येणारा प्रश्न, "म्हणजे माशासारखेच ना, शेपटी हलवून?" मी आपली "हो, साधारण तसंच" म्हणून वेळ मारून नेते. पण ते खरं नाहीये, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

मासा शेपटी मारून थांबला तरी पुढे सरकत राहतो, आपणही विहिरीत भिंतीला पाय मारला की चार हात आयते जातो. बॅक्टेरियाला ही चैन नाही. ई. कोलाय नावाचा बॅक्टेरिया जेमतेम २ मायक्रॉनचा, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये ५०० जण रांगेत बसतील, आणि एवढ्याशा जिवाला पाणी काकवीसारखं लागतं. एडवर्ड पर्सेल या फिजिक्सवाल्यांनी १९७७ मध्ये हिशोब मांडलाय, शेपटी थांबली की हा एका अणूएवढाही पुढे जात नाही! आणि शेपटी नुसती वल्ह्यासारखी पुढे-मागे केली तर जेवढा पुढे तेवढाच परत मागे, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

मग तो शेपटी हलवतच नाही, फिरवतो. ती मळसूत्रासारखी पिळाची असते आणि बुडाशी खरीखुरी मोटर, बाहेरून आत येणाऱ्या प्रोटॉनवर (म्हणजे हायड्रोजनच्या विद्युतभारित कणांवर) चालणारी, सेकंदाला १०० च्या आसपास फेरे. १९७४ मध्ये काहींनी शेपटीच काचेला चिकटवून टाकली तर अख्खा बॅक्टेरिया गरगर फिरायला लागला, मला हा प्रयोग भारी आवडतो. अशा शेपट्या त्याला अनेक असतात, सगळ्या एका बाजूने फिरल्या की त्यांची जुडी होते आणि स्वारी सरळ सुटते, एखाददोन उलट्या फिरल्या की जुडी विस्कटते, हा जागच्या जागी कोलांट्या खातो आणि मग जिकडे तोंड होईल तिकडे निघतो. स्टिअरिंग नाहीच.

पण तुम्हाला माझ्याकडे दिसतात ते हिरवे ठिपके बॅक्टेरिया नव्हेत, बरेचदा ते क्लॅमिडोमोनास, म्हणजे एकाच पेशीचं शेवाळ, असतात, त्यांचं सगळंच वेगळं. पुस्तकात दोघांच्याही शेपटीला कशाभिकाच (इंग्रजीत फ्लॅजेलम) म्हणतात, याचा मला राग येतो, कारण इथे बुडाशी मोटर नाही, शेपटीच्या आत लांबीभर प्रोटीनच्या नळ्या आहेत आणि त्या एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च करून एकमेकींवर सरकतात, म्हणून ती वाकते. दोन शेपट्या, सेकंदाला ५०-६० वेळा, चक्क ब्रेस्टस्ट्रोक: मागे मारताना ताठ, परत आणताना वाकवून अंगालगत. जाताना एक रस्ता, येताना दुसरा, म्हणून वल्ह्याची ती अडचण इथे येत नाही.

आणि हो, या शेपट्या पुढच्या टोकाला असतात. म्हणजे शेपटी हा शब्दही चुकीचाच, पण तोंडात बसलाय.