तुम्ही विचारलंत म्हणून: २१.८

"काही उपयोग झाला का हो?" टांझानियातल्या मुलींच्या शाळेत स्वयंसेवक म्हणून फुकट रसायनशास्त्र शिकवून परत आल्यापासून लग्नात, बँकेत, लिफ्टमध्ये, कुठेही हा प्रश्न गाठतो. त्याच्या मागोमाग दुसरा: "इथे झेडपीच्या शाळा कमी होत्या का?" आणि तिसरा, जरा बाजूला घेऊन: "आमच्या मुलीलाही जायचंय, काय करावं लागतं?" एकदाच लिहून टाकते.

तिसऱ्याचं उत्तर सोपं, म्हणून ते आधी. टूरिस्ट व्हिसावर शिकवायचं नाही, फुकट शिकवणार असलात तरी नाही. स्वयंसेवकांना क्लास सी निवास परवाना लागतो. त्याची कागदपत्रं शाळेने किंवा संस्थेने करायची असतात, आणि जी संस्था त्यात टाळाटाळ करते तिच्या वाटेला जाऊ नका. शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं. फॉर्म टू आणि फॉर्म फोरच्या (माध्यमिकच्या दुसऱ्या आणि चौथ्या वर्षाच्या) राष्ट्रीय परीक्षा नोव्हेंबरात असतात. सप्टेंबरात "दोन महिने शिकवून येते" म्हणून निघालात, तर सराव परीक्षांच्या धामधुमीत पाहुण्यासारख्या बसून राहाल. घड्याळही सांभाळा. स्वाहिलीत दिवसाचे तास सकाळी सहापासून मोजतात, त्यामुळे 'सा मोजा', म्हणजे एक वाजता, हे आपले सकाळचे सात.

आता उपयोगाचं. प्राथमिक शाळा स्वाहिलीतून आणि फॉर्म वनपासून स्वाहिली सोडून जवळजवळ सगळे विषय इंग्रजीतून, अशी तिथली सरकारी व्यवस्था आहे. मराठी माध्यमातून दहावी करून अकरावी सायन्सला गेलेल्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. फरक एवढाच की आपल्याकडे तो धक्का सोळाव्या वर्षी बसायचा, तिथे चौदाव्या वर्षी बसतो. "समजलं का?" असं विचारलं की अख्खा वर्ग एका सुरात "येस मॅडम" म्हणतो. हा प्रश्न विचारूच नये. मोजपट्टी हातात द्यावी आणि वाचायला सांगावं. 'पोलेपोले' (सावकाश), 'तेना' (पुन्हा) आणि 'क्वा निनी' (का), या तीन शब्दांवर बरंच भागतं. अडतं ते "का?"च्या उत्तरापाशी, कारण ते स्वाहिलीत येतं आणि परीक्षेत इंग्रजीत लिहायचं असतं.

शाळा टांगा प्रांतातली. (हो, उच्चार तोच. घोडा नाही.) समुद्राजवळची दमट हवा. ही दमट हवा लक्षात ठेवा.

फॉर्म फोरचं टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबथेंब सोडून त्याची तीव्रता मोजणं. ४४ मुली, सहा ब्युरेट (खुणा असलेल्या, खाली तोटी असलेल्या काचनळ्या). म्हणजे एका ब्युरेटमागे सात-आठ जणी. एक धरते, एक वाचते, बाकीच्या लिहून घेतात. ब्युरेटमध्ये ०.१ मोलर (हे तीव्रतेचं माप) हायड्रोक्लोरिक आम्ल, पिपेटने फ्लास्कमध्ये २५ घन सेंटिमीटर सोडियम हायड्रॉक्साइड, रंग बदलून शेवट दाखवणारं मेथिल ऑरेंज दोन थेंब. पिवळ्याचं नारिंगी झालं की थांबायचं. तक्त्यात चार रकाने: पायलट (अंदाजापुरतं पहिलं), १, २, ३. हायड्रॉक्साइडच्या गोळ्या लिटरला ४ ग्रॅम या हिशेबाने मोजून विरघळवलेल्या, म्हणजे तेही ०.१ मोलर. दोन्ही द्रावणं सारख्याच तीव्रतेची असल्यामुळे आम्लही २५च लागायला हवं. ते मी फळ्यावर लिहिलं. सुरुवात करण्याआधी लिहिलं. ही माझी चूक, आणि तेव्हा मला ते उत्तम अध्यापन वाटलं होतं.

वह्या आल्या. २५.०, २४.९, २५.१. पाच गटांचं उत्तर इतकं सुरेख जुळत होतं की मी खूश. सहाव्या गटाचं: पायलट २२.४, मग २१.८, २१.७, २१.८. मी लाल शाईने गोल केला, गुण कापले, खाली लिहिलं, 'पुन्हा करा'.

संध्याकाळी दुसऱ्या तुकडीसाठी उरलेलं द्रावण पुरेल का हे बघायला मी स्वतः एकदा करून पाहिलं. २१.८. पुन्हा केलं. २१.८. ब्युरेटची तोटी गळतेय का पाहिलं, नव्हती. मग बाटली उघडून पाहिली, तर गोळ्या एकमेकींना चिकटून चकाकत होत्या. सोडियम हायड्रॉक्साइड हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं. झाकण सैल राहिलं की ४ ग्रॅममध्ये हायड्रॉक्साइड कमी आणि बाकीचं जास्त. द्रावण ०.१चं नव्हतंच, ०.०८७च्या आसपास होतं. खरं मोजलं होतं फक्त सहाव्या गटाने. उरलेल्या पाच गटांनी रंग बदलताना पाहिला, आकडा वाचला, फळ्याकडे पाहिलं आणि फळ्यावरचं लिहिलं.

सकाळी त्या गटाची वही मागितली. तोवर २१.८ ब्लेडने खरवडून त्यावर २५.० लिहून झालं होतं. कागद भोकापर्यंत पातळ झालेला. मी वर्गासमोर सांगितलं, इंग्रजीत आणि मोडक्या स्वाहिलीत, की चूक माझी, २१.८ बरोबर. वर्ग म्हणाला, "येस मॅडम."

आता यावर माझा माझ्याशीच वाद चालतो. गोळ्या ताज्या हव्या होत्या, निर्जल सोडियम कार्बोनेट १.३२५ ग्रॅम तोलून २५० घन सेंटिमीटरमध्ये विरघळवून आधी आम्ल तपासायला हवं होतं, आणि मग त्या आम्लाने हायड्रॉक्साइड. हे सगळं मला येत होतं. केलं नाही, कारण घाई होती. नवी बाई, अनोळखी कपाट, असं म्हणून मी स्वतःला सोडवत असे. पण फळ्यावर २५ लिहायला अनोळखी कपाटाने सांगितलं नव्हतं.

नंतर जे जमलं ते हळदीने जमलं. स्वाहिलीत हळद म्हणजे मान्जानो, बाजारात मिळते. हळदीत चुना घातला की कुंकू होतं, हे आपल्याला ठाऊकच आहे. चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा, वरची निवळी घ्यायची. २० मिली निवळीत हळदीचं पाणी टाकलं की लाल. लिंबाचा रस एक भाग, पाणी नऊ भाग, गाळून १० मिलीच्या सिरिंजमध्ये. थेंबथेंब सोडत लाल जाऊन पिवळं येईपर्यंत. एक सिरिंज लागते, कधी दुसरीतलं थोडं. सिरिंजवर ०.२ मिलीच्या खुणा असतात, त्यामुळे वाचन ओबडधोबड येतं, शेवटचा रंगही नीट कळत नाही. फायदा एकच: प्रत्येक लिंबू वेगळं, त्यामुळे उत्तर कुठल्या पुस्तकात नाही आणि मॅडमलाही माहीत नाही. दोन मुलींमागे एक सिरिंज पडते, म्हणजे नुसतं लिहून घेणारी कुणी उरत नाही. मुलींची वेगळी शाळा कशाला म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे: मुलगे शेजारी असते तर सिरिंज कुणाच्या हातात असती?

पण परीक्षेत हळद विचारत नाहीत. फॉर्म फोरच्या मुलीचे दोन तास मी लिंबात घालवले, त्या वेळात तिची जुन्या प्रश्नपत्रिकेतली दोन गणितं झाली असती. यावर तिथल्या शिक्षकांचं आणि माझं पटलं नाही, आणि त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही.

राहिला झेडपीचा प्रश्न. पूर्वी मी ज्ञानाला सीमा नसतात वगैरे ऐकवायचे. खरं सांगायचं तर परदेशाचं आकर्षण होतं. हे कबूल केलं की निम्मा वाद मिटतो. उरलेला निम्मा असा: तिथे विज्ञान-गणिताला शिक्षक कमी पडतात हे खरं, पण फुकटची बाई वर्गात उभी असताना पगारी शिक्षकासाठी कोण पाठपुरावा करणार? मी निघाल्यावर त्या तासांचं काय झालं, हे विचारायला मी बराच काळ धजले नाही.

तरी जाणार असाल तर पूर्ण शालेय वर्ष द्या. लॅपटॉपपेक्षा ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा बॅटरीवरचा छोटा काटा न्या, हायड्रॉक्साइडची बाटली घट्ट बंद करून मेणाने सीलबंद करा, फळ्यावर उत्तर लिहू नका. सिरिंज मात्र बिनसुईच्या घ्या, नाहीतर विमानतळावर टायट्रेशन समजावत बसावं लागेल.