टोकाशी कोणता हात?

कॅनडातल्या पोराच्या हातात बर्फावरच्या हॉकीची काठी पहिल्यांदा येते, तेव्हाच एक गोष्ट नकळत ठरून जाते: काठीच्या वरच्या टोकाशी कोणता हात? चकती (बर्फावर चेंडूऐवजी हीच) वळवायचं, चकवायचं बारीक काम टोकाचा हात करतो. खालचा मुख्यतः जोर लावतो. म्हणून उजव्या हाताची कितीतरी पोरं उजवा टोकाशी ठेवून डावीकडून मारतात. उन्हाळ्यात बेसबॉलची बॅट धरली की हात आपसूक तसेच बसतात, आणि चेंडू उजव्या हातानं फेकणारा गडी फलंदाजीला डावखुरा उभा राहतो. आपला गांगुली आठवावा. (आपल्या मैदानी हॉकीत ही निवडच नाही. काठीची सपाट बाजू एकच, त्यामुळे डावा हात सगळ्यांचाच वर.)

माँट्रियल कॅनडियन्सचा बचावपटू डग हार्वी हिवाळाभर बर्फावर असे. पुढे सर्वोत्तम बचावपटूचा नॉरिस करंडक त्यानं 7 वेळा घेतला. पण 1949 च्या उन्हाळ्यात तो ओटावाकडून बॉर्डर लीग या छोट्या बेसबॉल लीगमध्ये खेळला, आणि .351 च्या सरासरीनं लीगमधला अव्वल फलंदाज ठरला. म्हणजे दर हजार संधींत 351 यशस्वी फटके. बेसबॉलमध्ये .300 झाली तरी लोक खूश असतात.

हात सारखे बसले तरी फटका सारखा नसतो. हॉकीत दोन हातांत चांगलं अंतर असतं आणि काठी बर्फ घासत येते. बॅटवर हात एकमेकांना चिकटलेले हवेत. हॉकीची सवय सुटली नाही की बॅट खालून वर उचलली जाते: गुडघ्याजवळचा चेंडू झकास उडतो, छातीजवळचा बॅटवरून निसटतो. त्याला उपाय जुनाच. चेंडू टीवर, म्हणजे चेंडू ठेवायच्या उभ्या दांडीवर, छातीच्या उंचीला ठेवायचा आणि रोज पन्नास-साठ फटके सपाट मारायचे. खऱ्या सामन्यात विचाराला सवडच नसते: 18.44 मीटरवरून ताशी 145 किलोमीटरनं आलेला चेंडू पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही.

पायांचं दुखणं वेगळं. स्केटिंगमध्ये रेटा बाजूला असतो, त्यानं जांघेचे आणि नितंबाचे स्नायू कसतात. चेंडू मारल्यावर धावून गाठायच्या पहिल्या बेसपर्यंतचे 27.43 मीटर मात्र उभ्या जागेवरून सरळ पळायचे, आणि तिथे मांडीची मागची शीर धरते. कडक बुटात घोटा महिनोन्‌महिने जखडलेला, म्हणून पोटऱ्याही कुरकुरतात. खांद्याचं तर विचारूच नये. डोक्यावरून फेकणं हॉकीत नाहीच. पंधरा मीटरपासून सुरुवात करून अंतर आठवड्या-आठवड्यानं वाढवावं लागतं. पहिल्याच दिवशी लांबून फेकणारे बहुधा दुसऱ्या दिवशी चहाचा कपही डाव्या हातानं उचलतात.

दोन्ही खेळ खेळलेल्या कर्क मॅककॅस्किलचा तर फेकणं हाच धंदा, तो पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा. 1983-84 चा हंगाम शेरब्रुकच्या व्यावसायिक हॉकी संघात काढल्यावर त्यानं स्केट्स टांगले. 1986 मध्ये कॅलिफोर्निया एंजल्स या बेसबॉल संघासाठी पिचर म्हणून त्याच्या नावावर 17 विजय लागले. हार्वीनं उलट केलं, हॉकी धरली. सप्टेंबरात पुन्हा बर्फावर जायचं, आणि सैल बुटांना सोकावलेल्या पायांवर पहिले काही दिवस नाड्यांचे वळ सोसायचे.