पाय गरम होईपर्यंत

त्या पोराच्या डाव्या पायावर मी निळ्या बॉलपेनाने रेघा मारल्या होत्या. पहिली गुडघ्याच्या जरा खाली, शेवटची घोट्यापाशी, आणि प्रत्येकीशेजारी वेळ. त्या रात्रीचा केसपेपर आता माझ्याकडे नाही, पण त्या रेघा आजही जशाच्या तशा आठवतात.

मी तेव्हा बाँडवर होते, म्हणजे डॉक्टर झाल्यावरची सक्तीची सरकारी सेवा करत होते. रायगड जिल्ह्यात, सावित्रीच्या खोऱ्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होऊन जेमतेम सात आठवडे झाले होते. मी मूळची लातूरकडची. कोकणातला मे महिना मला नवीन होता: अंगाला चिकटणारी हवा, जांभ्याचे तापलेले गडगे आणि त्या गडग्यांच्या फटीत बसलेले लाल विंचू. आमच्याकडेही विंचू असतात, पण त्या सात आठवड्यांत मी जेवढे विंचूदंश पाहिले तेवढे आयुष्यात पाहिले नव्हते. बहुतेकांना नुसती आग होते. माणूस ओरडत येतो, आपण बोट बधिर करायला लिग्नोकेन देतो, तासाभरात तो घरी जातो. त्यामुळे संध्याकाळी विंचू चावलेलं पोर साडेआठला रिक्षातून आलं आणि ते अजिबात ओरडत नव्हतं, तेव्हा मला जरा हायसंच वाटलं. ही माझी पहिली चूक.

मुलगा आठ वर्षांचा, मुंबईहून सुट्टीला आजीकडे आलेला. गडग्यात अडकलेला चेंडू काढायला हात घातला आणि मधल्या बोटाला नांगी बसली, तेव्हा सव्वासहा वाजले होते. आजीने आघाड्याचं मूळ उगाळून लावलं. थोडा वेळ रडून तो शांत झाला, म्हणून घरच्यांना वाटलं उतरलं. मग दोन उलट्या झाल्या आणि घाम सुटला, असा की सदरा पिळावा. "थंड पडलाय ओ पोरगा, डॉक्टरीणबाई," आजी एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती.

नाडी १५०, बारीक. श्वास मिनिटाला ४४. हातपाय ओले आणि बर्फासारखे गार. मुलांचा कफ शोधून बीपी घेतलं: १४८/१०८. आणि मी त्याच्या आईला म्हणाले, "बीपी चांगलं आहे, घाबरू नका."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं हे मला आजही टोचतं. आठ वर्षांच्या मुलाचं बीपी १४८ असणं चांगलं नसतंच. पण माझ्या डोक्यात गार हातपाय, घाम, बारीक नाडी म्हणजे शॉक (अवयवांना रक्त कमी पडणं), आणि शॉक म्हणजे सलाईन, अशी साखळी घट्ट बसलेली. बीपी पडलेलं नाही म्हणजे वेळेत आलाय, असं मी स्वतःला समजावलं आणि आय.व्ही. लावून सलाईन पूर्ण सोडलं.

शंभरेक मिली आत गेलं असेल. सिस्टरांनी ऑक्सिजन लावला, पोराच्या पायावरून पालथा हात फिरवला आणि न बोलता सलाईनचं चाक बंद केलं. त्यांची तिथे वीस वर्षं झाली होती. "मॅडम," त्या हळूच म्हणाल्या, "आकडा राहू द्या. पाय बघा."

मी हात लावला. मांडी कोमट, गुडघ्याखाली एकदम गार. जणू तिथे कोणी सीमा आखली होती. छातीला स्टेथोस्कोप लावला तर तळाला दोन्ही बाजूंना क्रेप्स, म्हणजे फुप्फुसात पाणी उतरायला लागलेलं. त्याच छातीत मी आणखी पाणी ढकलत होते.

इथे मला माझ्या वडिलांचं दारं धरणं आठवतं. लाईट रात्री यायची, तेव्हा ते बॅटरी आणि खोरं घेऊन रानात जायचे. विहिरीचं पाणी सगळ्या वाफ्यांना एकदम पुरत नाही. म्हणून एक दारं फोडायचं, दुसरं बुजवायचं, वाफा भरला की पुढचं. शरीराचंही तसंच आहे. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त पाचेक लिटर, आणि हृदय विश्रांतीत मिनिटाला साधारण तेवढंच फेकतं: एका ठोक्याला ७० मिली, मिनिटाला सत्तरेक ठोके. सगळ्या अवयवांच्या वाहिन्या एकदम पूर्ण उघडल्या तर हे रक्त पुरणार नाही. म्हणून धमन्यांच्या टोकाला ज्या बारीक धमनिका असतात, त्यांच्या भिंतीतले स्नायू दारं धरतात. जेवलो की आतड्यांकडची उघडतात, पळालो की मांड्यांकडची, उकडलं की कातडीची. यातलं बरंच काम त्या त्या ठिकाणीच होतं. स्नायू राबला की त्यातूनच निघालेले पदार्थ आपल्या दारातली माती सैल करतात, वरून हुकूम यावा लागत नाही. आणि ही दारं विलक्षण नाजूक असतात. नळीचा व्यास निम्मा झाला तर तेवढ्याच दाबाखाली तिच्यातून जाणारं रक्त निम्मं होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतं.

लाल विंचवाचं विष ही दारं एकजात बुजवतं. ते मज्जातंतूंच्या सोडियमच्या वाटा उघड्या ठेवतं, त्यामुळे मज्जातंतूंची टोकं थांबायचं नावच घेत नाहीत. सुरुवातीच्या उलट्या आणि घाम त्यातूनच येतात. मग अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा लोंढा. एरवी दाब वाढला की मानेतल्या धमनीतली संवेदनकेंद्रं मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाला सावकाश घ्यायला लावतो आणि वाहिन्या सैल करतो. पण इथे टोकांनाच आग लागलेली, त्यामुळे मेंदूचा निरोप पोचून उपयोग होत नाही. मोटर पूर्ण जोरात चालू आणि सगळी दारं बंद. अशा वेळी पाइपावरचा दाबाचा काटा वर चढलेला दिसतो आणि रानात पाण्याचा थेंब नसतो. मी तो काटा बघून "चांगलं आहे" म्हणाले होते.

डावं हृदय बंद दारांवर धडका देऊन थकलं की पुढे न गेलेलं रक्त मागे फुप्फुसात तुंबतं. पूर्वी कोकणात विंचवाने माणसं मरायची ती अशी. ही गोष्ट जगाला नीट दाखवून दिली ती याच भागातल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या, आणि हा मृत्यू हृदयाच्या वाटेने येतो हे ओळखून पुढे वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही बीपीची गोळी वापरायला सुरुवात केली. डॉ. प्रमोदिनी बावस्करांसोबतचं त्यांचं त्यावरचं टिपण १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. मी ते कॉलेजात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या खोलीत ते माझ्या आधी सिस्टरांना आठवलं.

प्राझोसिन करते काय? नॉरअ‍ॅड्रेनलिन धमनिकांच्या भिंतीवरच्या ज्या अल्फा जागांवर बसून दारं आवळतं, तिथे ही गोळी आधी जाऊन बसते. मात्रा किलोमागे ३० मायक्रोग्रॅम. काट्यावर पोर अठरा किलो भरलं, म्हणजे एक मिलिग्रॅमच्या गोळीची अर्धी. साधीच गोळी लागते, हळूहळू विरघळणारी लांब पल्ल्याची चालत नाही. सिस्टरांनी ती ब्लेडने कापली, चमच्यात पाण्याबरोबर कालवून त्याच्या गालात सोडली. पाठीमागे उशा देऊन त्याला अर्धवट बसतं ठेवलं आणि आईला बजावलं: काही झालं तरी उभं करायचं नाही. आठ पन्नास.

फ्रीजमध्ये त्या दिवशी सापाचं अँटिव्हेनम, म्हणजे विषावरचा उतारा, होतं, विंचवाचं नव्हतं. याचा मला तेव्हा राग आला आणि अजून येतो, कारण प्राझोसिन आणि विंचवाचं अँटिव्हेनम दोन्ही मिळून दिलं तर रुग्ण लवकर सावरतो हे दिसून आलेलं आहे आणि ते आपल्या देशातच बनतं. अँब्युलन्स एका बाळंतिणीला घेऊन घाटाकडे गेली होती. पोराला रिक्षात घालून दोन तास वळणांवरून नेणं आम्हा दोघींनाही मान्य नव्हतं.

सव्वानऊला मी पहिली रेघ मारली, गुडघ्याच्या खाली चार बोटं.

दहाला त्याला खोकला लागला, ओठाच्या कडेला पांढरा फेस. बीपी १००/८४. वरचा आकडा उतरला म्हणून आई माझ्याकडे आशेने बघत होती, आणि माझ्या पोटात गोळा आला. दोन आकड्यांतलं अंतर १६वर आलं होतं. एका ठोक्यात हृदय किती रक्त फेकतं याचा अंदाज त्या अंतरावरून येतो. दारं बंदच होती, आता मोटरही दमली होती. ऑक्सिजन वाढवला. मोठ्या दवाखान्यातल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, डोब्युटामिन आहे का? हृदयाचा जोर वाढवणारं ते औषध होतं, एक व्हायल. ते पंपाशिवाय, थेंब मोजून चालू केलं. आजी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या हातात पोराचे दोन गार पाय. मी तिला चोळू नका म्हणाले, नुसते धरून ठेवा.

दुसऱ्या मात्रेची वेळ अकरा पन्नासची. बीपी १००च्या खाली असताना मी बीपी उतरवणारी गोळी देणार होते. हात चालेना. उघड्या दारांमुळे दाब पडला असता तर पाय गरम असते. पाय गार म्हणजे दारं अजून बंद आहेत, आणि दमलेल्या हृदयाचं ओझं हलकं करायचा तोच मार्ग आहे. हे सगळं मला कागदावर मांडता आलं असतं. पण समोर श्वास टाकणारं पोर होतं. एकच शंका खरी होती: घाम आणि उलट्यांत गेलेल्या पाण्यामुळे अंगातलं रक्तच कमी पडलं असेल, तर ही गोळी घातक. सिस्टरांनी नऊपासून चमच्याचमच्याने ओआरएस पाजलं होतं, उलटी झाली नव्हती, जीभ ओली होती. मी गोळी दिली.

साडेबाराला पालथा हात फिरवला. नडगीच्या मध्यापर्यंत ऊब. मला खात्री वाटेना, म्हणून सिस्टरांना डोळे मिटून बघायला सांगितलं. त्यांचं बोट माझ्याच जागी थांबलं. दुसरी रेघ.

त्यानंतरचे तास मी कधी विसरणार नाही. दर अर्ध्या तासाला आम्ही आळीपाळीने हात लावत होतो आणि ती सीमा खाली सरकत होती. दीडला नडगीच्या खालच्या टोकाशी. अडीचला घोट्याच्या वर चार बोटं. श्वास ४४वरून ३४, खोकला थांबला. तीनला त्याने अंथरूण ओलं केलं. आई वरमून चादर काढायला उठली आणि मी तिचा हात धरला. हृदयाच्या दर फेकीतला जवळपास पाचवा हिस्सा एरवी एकट्या मूत्रपिंडांना जातो, आणि संकटात शरीर तीही दारं बुजवतं. ती उघडली होती. "लघवी झाली, फार चांगलं झालं," मी म्हणाले. या वेळी 'चांगलं' म्हणताना मला काय म्हणायचंय ते मला कळत होतं.

दोन पन्नासला तिसरी मात्रा गेलीच होती. चारला घोट्यापाशी शेवटची रेघ मारली. पावणेपाचला अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पांढरं झालेलं नख मी 'एक, दोन' म्हणेपर्यंत गुलाबी झालं. पायाची बोटं कोरडी होती. बीपी ९६/५८, नाडी ११८. तसा तो आकडा रात्रीतला सर्वांत कमी, पण पाय गरम होते.

उजाडताना पोर झोपेतून दचकून उठलं आणि हात छातीशी धरून हंबरडा फोडला, "आई गं, बोट! बोट दुखतंय!" रात्रभर त्याने बोटाचं नाव काढलं नव्हतं. आई घाबरून उभी राहिली. सिस्टर मात्र खुर्चीतून पहिल्यांदाच हसल्या. "रडू दे त्याला, वहिनी," त्या म्हणाल्या. "विष उतरलं की दुखणं परत येतं. आम्ही याचीच वाट बघत असतो."

आजी अजून त्याचे पाय धरून बसली होती. तिने पदराने एक रेघ पुसून बघितली, ती जाईना, तर मला विचारलं, "ह्ये राहनार का असंच?" मी म्हणाले, दोन आंघोळींत जाईल, आणि बोटाला द्यायला लिग्नोकेन भरायला उठले.