जुन्या टूरिंग सायकलसाठी टायर किती रुंद असावा?
जुन्या टूरिंग सायकलला, म्हणजे सामान लादून लांब प्रवासाला न्यायच्या सायकलला, अधिक रुंद टायर बसवण्याचा मोह मलाही झाला होता. पण रुंदीच्या आधी व्यास पाहायला हवा, हे टायरच्या कडेवरचा ‘३२-६३०’ हा आकडा वाचल्यावरच माझ्या ध्यानात आले. त्यातला ३२ म्हणजे रुंदी आणि ६३० म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हे झाले जुने २७ इंची चाक. आज सर्रास मिळणाऱ्या ७०० सी टायरचा हाच व्यास ६२२ असतो, त्यामुळे एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर चालत नाही.

रुंदीचा निर्णय खरे तर फ्रेमच करते. टायरमध्ये पूर्ण हवा भरून मी ६ मिलिमीटर जाडीची ॲलन की (षटकोनी चावी) टायर आणि फ्रेमची मागची नळी यांमधल्या फटीतून सरकवून पाहतो. ती अडकली, तर तो टायर बाद. एकदा हा नियम मोडला, आणि सामानाने लादलेली सायकल चढावर उभे राहून हाणताना चाक एवढे लवले, की नळीवरचा रंग नखाएवढा खरवडला गेला. मडगार्ड लावल्यास जागा आणखी घटते, हेही बहुतेक जण विसरतात.

रुंद टायर हमखास संथ असतो, ही समजूत मात्र मला पटत नाही, कारण खडबडीत रस्त्यावर कमी दाबाचा रुंद टायर हादरे स्वतःच जिरवतो. माझ्या सायकलवर पुन्हा ३२चेच टायर आहेत. सामान मागे असल्याने मागच्या चाकात हवा थोडी जास्त ठेवतो.