तोंडी नकार घेऊन परत येऊ नका: कातकरी दाखल्यांचा माझा अनुभव

कातकरी आदिवासींचे जातीच्या दाखल्याचे अर्ज ख्रिस्ती माणसं घेऊन आली, म्हणजे हे कातकरी ख्रिस्ती झालेले असणार. आमच्या तालुक्यातल्या एका कार्यालयात हा निष्कर्ष इतक्या सहज काढला गेला की मला अजून त्याचा राग येतो. दाखले शेवटी मिळाले, पण अशा कामात पडणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा म्हणून लिहिते आहे.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, रायगड जिल्ह्यातली, लहानशी. कातकरी वाडीवरची मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि शाळा सुटते, तिथून आमचं काम सुरू झालं. मुलांना परत शाळेत बसवलं, तर शिष्यवृत्तीला जातीचा दाखला हवा. 15 नोव्हेंबर 2023 ला पीएम-जनमन ही अतिमागास आदिवासी जमातींसाठीची केंद्राची योजना सुरू झाल्यावर घरकुलाची चर्चा वाडीत पोचली, तिथेही पुन्हा दाखलाच. पाळकसाहेबांनी उपासनेत बायबलमधल्या मीखाचा सहावा अध्याय घेतला आणि विचारलं, न्यायाने वागायचं म्हणजे आपण नेमकं काय करायचं? त्यावर सभा झाली. वाडीवर पत्रकं न्यायची नाहीत, प्रार्थनेला या म्हणायचं नाही, मदतीला कसलीही अट नाही, असं ठरलं. काही ज्येष्ठांना ते पटलं नाही. मला मात्र आमच्या मंडळीचा तेवढ्या एका ठरावासाठी अभिमान वाटतो.

आधार, रेशनकार्ड ही कामं झाली. भट्टीवर राबून बोटांच्या रेषा झिजलेल्या, मशीन ठसाच घेईना, अशा दोन आजींचा थोडा खोळंबा झाला, तो सोडला तर तक्रार नाही.

दाखल्यासाठी अनुसूचित जमातीच्या माणसाला 6 सप्टेंबर 1950 च्या आधीपासूनचं वास्तव्य दाखवावं लागतं. ज्यांच्या नावावर जमीन नाही, जे वर्षातला अर्धा काळ परमुलखात, त्यांच्याकडे तेव्हाचा कागद कुठून असणार? तर तो तहसीलच्या अभिलेख कक्षात असतो. जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदी, म्हणजे कोतवाल बुक, तिथे मागा. आमच्या गावाच्या नोंदी मोडी लिपीत होत्या. मोडी वाचणारे एक निवृत्त गुरुजी मिळाले. पिवळ्या पडलेल्या पानावर बोट ठेवून त्यांनी एका आजोबांच्या वडिलांचं नाव वाचलं, पुढे जात ‘काथोडी’, तेव्हा सगळे पानावर वाकले. काथोडी लिहिलंय म्हणून घाबरू नका. अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत.

एवढं सगळं जोडून अर्ज दिले आणि तिथे अडकलो.

खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी गठ्ठा चाळला, मला विचारलं, “तुम्ही चर्चचे ना?” हो म्हटलं. मग वरच्या अर्जाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात ‘ख्रि.?’ असं लिहिलं. खालच्या अर्जावर तेच, त्याच्या खालच्यावर तेच. म्हणाले, धर्म बदललेल्यांना हा दाखला मिळत नाही. मी सांगितलं की यांच्यातल्या कोणीही धर्म बदललेला नाही, समोर उभे आहेत, विचारा. त्यांनी विचारलं नाही. “साहेबांशी बोलून सांगतो,” एवढंच. पुढच्या खेपेला साहेब दौऱ्यावर. त्याच्या पुढच्या खेपेला “तुमचं प्रकरण जरा नाजूक आहे.”

रोजंदारी बुडवून आलेली माणसं व्हरांड्यात बसून राहायची. एक बाई मला म्हणाली, “ताई, आमच्या जातीचं काम आहे, मग तो तुमच्याकडंच का बघून बोलतो?” मला उत्तर देता आलं नाही.

या गोंधळाचं मूळ आम्हाला चांगलं माहीत होतं. अनुसूचित जातींच्या 1950 च्या आदेशात धर्माची अट आहे: हिंदू, 1956 पासून शीख, 1990 पासून बौद्ध. म्हणून आमच्या मंडळीतल्या कितीतरी घरांना अनुसूचित जातीचा दाखला नाही, ओबीसीचा आहे. ती सल आमच्या घरातलीच आहे. पण अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अट नाहीच. उद्या एखादा कातकरी खरंच ख्रिस्ती झाला, तरी नुसत्या धर्मांतराने त्याची जमात जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये केरळच्या एका प्रकरणात म्हटलं आहे. पेन्सिलीने विचारलेला तो प्रश्न कायद्यात बसतच नव्हता.

मंडळीत कोणी सुचवलं, आपण मागे राहू, दुसऱ्या कोणाला पुढे करू, काम लवकर होईल. मी विरोध केला. लपून केलेल्या मदतीने पुढच्या वेळी संशय आणखी वाढला असता.

शेवटी एका पानाचं पत्र दिलं. महाराष्ट्राच्या जात प्रमाणपत्र अधिनियमाच्या कलम 4 प्रमाणे अर्ज नाकारायचा तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. कलम 5 खाली त्यावर 30 दिवसांत अपील करता येतं. पत्रात एवढंच लिहिलं: नाकारायचं असेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा. आवक कक्षात शिक्का आणि तारीख घेऊन आमची प्रत ठेवली. तोंडी नकाराला अपील नसतं, म्हणूनच तो देणं सोपं असतं.

त्यानंतर गठ्ठा हलला. ज्यांचा कागद कुठेच सापडला नव्हता त्यांची गृहचौकशी लागली, वाडीवर पंचनामे झाले, जबाब झाले. दाखले हातात आले तेव्हा सगळ्यात आधी मी अर्जांच्या आमच्या झेरॉक्स प्रती काढल्या, ती पेन्सिलीची खूण त्यांच्यावर नाही याचं वाईट वाटलं. पुरावा म्हणून हवी होती मला.

आठवलं तसं सांगते. अर्ज सेतूतून ऑनलाइन भरा, पोचपावतीचा नंबर प्रत्येक कुटुंबाकडे लिहून द्या. लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे, मुदत उलटली की त्याखालीही अपील करता येतं. प्रतिज्ञापत्राला स्टॅम्पपेपर कोणी मागितला तर घेऊ नका, दाखल्यांसाठी ते शुल्क माफ आहे. पवार, वाघमारे अशी आडनावं इतर जातींतही असतात, तेव्हा शाळेच्या रजिस्टरमधली जातीची नोंद जरूर जोडा. आणि हे सगळं पावसाळ्यात करा. भट्ट्या बंद असतात, माणसं घरी असतात. दिवाळी झाली की चौकशीला आलेल्या तलाठ्याला वाडीवर कुलूपं दिसतात, आणि अर्जावर ‘अर्जदार आढळून आला नाही’ असा शेरा पडतो.